शाळेंतील इंग्रजी अलंकार

आठवीच्या वर्गांत इंग्रजी अलंकार शिकविण्याची जी रीत रूढ आहे, तिजविषयीं आमची तक्रार एवढीच कीं, तींत अलंकाराचें नांव शिकविलें जातें, अलंकार नव्हे. ‘ॲज’ किंवा ‘लाइक’ दिसला कीं ‘सिमिली’ लिहावी, हा गुरुमंत्र! मग ‘तो शिक्षक म्हणून काम करतो’ अशा अर्थाच्या वाक्यांतील ‘ॲज’लाहि विद्यार्थ्यानें उपमा ठरविलें, तर दोष कोणाचा?

वर्डस्वर्थची डॅफोडिल्सवरील, १८०७ सालीं प्रसिद्ध झालेली कविता घ्या. कवि स्वतःस एकाकी मेघाची उपमा देतो. आमच्या मुलांचा मेघ आषाढांतला. तो एकटा येत नाहीं, फौज घेऊन येतो. तेव्हां उत्तर इंग्लंडांतील दऱ्यांवरून तरंगणारा तो ढग आधीं त्यांच्या डोळ्यांपुढें उभा करावयास नको काय? शिवाय १५ एप्रिल १८०२ रोजीं अल्सवॉटरच्या कांठीं तीं फुलें दिसलीं, त्या वेळीं कवीची बहीण डॉरोथी त्याच्या बरोबर होती. तिच्या रोजनिशींत तें नमूद आहे. मग हें एकाकीपण आलें कोठून? हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलास विचारून पाहावा. उपमा काय काम करते, तें त्यास व्याख्येवांचून उमगेल.

रूपकाच्या दोन अंगांस इंग्रजींत नेमकीं नांवें नाहींत, अशी तक्रार करून रिचर्ड्सनें १९३६ सालीं तीं नवीं दिलीं. आमच्या मुलांस उपमेय आणि उपमान मराठीच्या तासाला आयतींच मिळतात. पण घंटा होतांच तीं त्या वहींत मिटतात, आणि इंग्रजीचे शिक्षक फळ्यावर नवी व्याख्या उतरवूं लागतात.