मागे झुका, मग पुढे फेका : 'ट्रायल्स'मधली उडी

आज आपण अशा एका हालचालीबद्दल बोलणार आहोत जी एका सेकंदाच्या आत संपते आणि जमायला कित्येकांना महिने लागतात. 'ट्रायल्स' ही मोटरसायकलच्या व्हिडिओ गेम्सची मालिका. हेलसिंकीची रेडलिंक्स ही कंपनी हे गेम बनवते. सुरुवात झाली ब्राउझरमध्ये खेळायच्या छोट्या गेमपासून, पण नाव झालं २००९ मध्ये, एक्सबॉक्स ३६० वर 'ट्रायल्स एचडी' आला तेव्हा. पुढे 'इव्होल्यूशन' (२०१२), 'फ्युजन' (२०१४), 'रायझिंग' (२०१९) असे भाग आले.

गेमचं नाव ज्या खेळावरून आलं तो खराखुरा आहे. स्कॉटलंडमध्ये सहा दिवसांची ट्रायल्स स्पर्धा १९०९ पासून ओळखली जाते. तिथे वेगाचं फारसं कौतुक नाही. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला की दंडाचा गुण. म्हणजे सगळी परीक्षा तोलाची, आणि त्यातही मुख्यतः डावीकडे-उजवीकडे पडण्याची. आता गंमत बघा. गेम आपल्याला गाडी बाजूने दाखवतो, डावीकडून उजवीकडे जाणारी. या गाडीला कुशीवर पडताच येत नाही! मूळ खेळातला जो तोल सगळ्यांत अवघड, नेमका तोच काढून टाकलाय.

मग उरलं काय? रेस, ब्रेक, पुढे झुकणं, मागे झुकणं. बस, चार गोष्टी. अनेक समीक्षक याला सोपेपणा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. एक दिशा काढून टाकल्यामुळे उरलेल्या दिशेवर सगळा भार आला, आणि तो किती आहे हे कळतं 'बनी हॉप'पाशी, म्हणजे जागच्या जागी घ्यायच्या उडीपाशी.

समोर गाडीच्या चाकाहून उंच ठोकळा आहे. मागे धाव घ्यायला जागा नाही, चढण नाही. नुसती रेस दिली तर पुढचं चाक ठोकळ्याला थडकतं. तेव्हा स्वाराला पूर्ण मागे झुकवायचं आणि रेस द्यायची. वजन मागच्या चाकावर येतं, मागचा शॉकअप दबतो, पुढचं चाक उचललं जातं. आता गाडी उलटायच्या बेतात आहे. त्या क्षणी स्टिक एका झटक्यात पुढे. स्वाराचं अंग पुढे फेकलं जातं, दबलेला शॉकअप सुटतो आणि मागचं चाकही जमीन सोडतं. गाडी उडते.

ऐकायला सोपं वाटतं ना? इथेच खरी अडचण आहे. आम्ही आत्ता सांगितलं ते सगळं खरं आहे, आणि त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. स्टिक लवकर पुढे टाकली तर शॉकअप पुरता दबलेलाच नसतो, गाडी नुसती मान डोलावते. उशीर झाला तर स्वार पाठीवर. रेस जास्त झाली तर चाक जागीच घसरतं किंवा गाडी उलटते, कमी पडली तर पुढचं चाक वर येतच नाही. एक्सबॉक्सचा ट्रिगर अर्धाही दाबता येतो, पाऊणही, त्यामुळे 'रेस द्या' या दोन शब्दांत शंभर वेगवेगळ्या रेस दडलेल्या असतात. क्रम सांगता येतो, क्षण सांगता येत नाही. सायकल शिकवणारा मागून कॅरिअर धरून पळतो तो याचसाठी. 'तोल सांभाळ' असं ओरडून कुणी शिकलेलं नाही.

मग या गेममध्ये कॅरिअर कोण धरतं? आमच्या मते दोन गोष्टी धरतात. पहिली म्हणजे पडल्यावर एक बटण दाबलं की त्याच क्षणी मागच्या चेकपॉइंटवर परत. वाट पाहणं नाही, उपदेश नाही. मघाची चूक अजून अंगठ्यात ताजी असते तोवर पुढचा प्रयत्न सुरू होतो. दुसरी गोष्ट 'एचडी'पासूनची आणि आम्हाला जास्त मोलाची वाटणारी. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंचे रीप्ले बघता येतात आणि त्यात त्यांनी कुठली कळ केव्हा, किती दाबली हेही दिसतं. म्हणजे गुरूचा नुसता पराक्रम दिसत नाही, त्याचा अंगठा दिसतो. आपल्याकडे तबला शिकणारा मुलगा समोर बसून हाताकडे बघतो, तसं काहीसं. 'रायझिंग'मध्ये तर 'युनिव्हर्सिटी' नावाने रीतसर धडेच आले. चांगले आहेत, करून बघा. पण तेही शेवटी क्रमच सांगतात.

इतकं कौतुक केल्यावर तक्रारही नोंदवायला हवी, आणि ती किरकोळ नाही. या गेममध्ये एका ट्रॅकला मर्यादा असते : ३० मिनिटं किंवा ५०० चुका. पाचशे आकड्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. उलट माणूस इतक्या वेळा पडणार हे बनवणाऱ्यांनी मोकळेपणाने मान्य केलंय. पण ३० मिनिटं? कठीण ट्रॅकच्या शेवटाकडे एका ठोकळ्यापाशी कुणीतरी अडकलंय. वीस मिनिटं झुंजतंय, उडी आता कुठे हाताला लागायला लागलीये. आणि गेम म्हणतो, वेळ संपला. पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे जे येतं ते सगळं परत करायचं, आणि जे येत नाही तिथे पोचेपर्यंत अंगठा थंड. शिकणाऱ्याला नेमक्या शिकण्याच्या जागेवरून उठवणं ही रचनेतली चूक आहे, तिला 'आव्हान' म्हणून सोडून देता येत नाही. पदकांचंही तेच : ती वेळेवर आणि चुकांवर ठरतात. जिंकू बघणाऱ्याला ते ठीक, पण अजून शिकणाऱ्याची प्रत्येक धडपड तिथे उणे खात्यात जाते.

'फ्युजन'मध्ये हवेत असताना उजव्या स्टिकने हातपाय पसरून कसरती करायची सोय आली. दिसायला मजेशीर आहे. पण तोल इथे दुय्यम होतो, स्वार बाहुला होतो. आम्ही त्यावर अधिक वेळ घालवत नाही.

'रायझिंग'ची गोष्ट मात्र जिव्हारी लागते. उत्तम धडे दिले त्याच गेमने पुढची दारं उघडायला कंत्राटांची अट घातली : आधी खेळलेल्या ट्रॅकवर परत जा, अमुक इतक्या कोलांट्या मार, अमुक इतकं अंतर एका चाकावर जा, मग गुण जमतील, मग पुढचं स्टेडियम. ज्याला उडी जमलीये आणि जो आता उंच ठोकळा शोधतोय, त्याला गेम सपाट रस्त्यावर हेलपाटे घालायला लावतो.