कविता आवडण्याचे कारण : खोका क्रमांक तीन

माझ्या मामेबहिणीनं दहावीच्या वर्षात केलेल्या ४१२ कार्डांपैकी एक कार्ड मी मागून घेतलंय. जुनी लग्नपत्रिका कापून, छापील बाजू आत येईल अशी दुमडून ती डिंकानं चिकटवलीय. उजेडात धरली तर आतला सोनेरी गणपती दिसतो. एका बाजूला तिच्या गोल अक्षरात प्रश्न आहे : ‘वस्तू – कविता आवडण्याचे कारण.’ दुसऱ्या बाजूला उत्तर : ‘साधी सोपी भाषा, मुक्तछंद, निर्जीव वस्तूंविषयी संवेदनशीलता, मनाला भिडणारा संदेश. म्हणून मला ही कविता खूप आवडते.’ कोपऱ्यात पेन्सिलनं ३ लिहिलंय, म्हणजे खोका क्रमांक तीन. हे कार्ड दर आठवडी बाजाराच्या दिवशी बाहेर यायचं आणि तिला ही कविता का आवडते ते विचारून परत खोक्यात जायचं.

ही पद्धत तिला मीच शिकवली होती. त्यामुळे या लेखात ज्या गोष्टीची मी चिकित्सा करणार आहे, तिचा मी प्रचारकही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मामाचं गाव पाथर्डी तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात आहे. नगर जिल्हा (कागदोपत्री आता अहिल्यानगर, आमच्या तोंडात अजून नगरच) साखरेचा म्हणून ओळखला जातो. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखानदारीची सुरुवात इथंच, प्रवरेच्या काठी झाली. पण त्याच जिल्ह्यातला पाथर्डीचा डोंगरी भाग ऊस पिकवत नाही, ऊस तोडणारी माणसं पुरवतो. दिवाळीनंतर मामा-मामी उसाला जातात ते हंगाम संपल्यावर येतात. बोर्डाची परीक्षा नेमकी या मधल्या काळात, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. घरी राहिल्या आजी आणि ती. जाताना मामा एवढंच म्हणाला होता, “पास झाली तं कॉलेजला घालू. नाय तं पुढल्या सालाला संगं उसाला.” त्यात राग नव्हता, नुसता हिशेब होता.

त्या दिवाळीत मी तिचा अभ्यास बघितला. गाईड उघडायचं, मोठ्यानं वाचायचं, पेननं खाली रेघा मारायच्या, पान उलटायचं. चार वेळा वाचलेला धडा पाचव्यांदा वाचताना ओळखीचा वाटतो, आणि ही ओळख म्हणजेच ‘येतंय’ असं आपण धरून चालतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच भ्रम तपासला. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आठवायला पडणारे कष्ट हाच अभ्यास असतो, आणि ते कष्ट थोडं विसरायला झाल्यावर घेतले तर जास्त टिकतात. सगळी स्पेस्ड रिपिटिशन एवढ्यावर उभी आहे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॅम्पस मुलाखतींसाठी मी अ‍ॅन्की हे अ‍ॅप वापरलं होतं. डेमियन एल्म्सनं २००६ मध्ये ते आणलं. अ‍ॅन्की या जपानी शब्दाचा अर्थच मुळी पाठांतर. कुठलं कार्ड कधी दाखवायचं याचा हिशेब ते ठेवतं. त्या हिशेबाचं मूळ पोलंडच्या पिओत्र वॉझ्नियाकनं विद्यार्थी असताना, १९८७ साली लिहिलेल्या सुपरमेमो या प्रोग्रॅममध्ये आहे. मी उत्साहानं तिच्यासाठी सगळं तयार केलं, आणि मग लक्षात आलं की घरातला एकमेव स्मार्टफोन मामासोबत फडात जाणार. मागं राहणार होता तो आजीचा बटणांचा फोन.

म्हणून आम्ही मागं गेलो, १९७२पर्यंत. सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं त्या वर्षीच्या आपल्या जर्मन पुस्तकात हेच काम कागदाची कार्डं आणि खोक्याचे कप्पे वापरून करायला शिकवलंय. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पुढचा कप्पा जास्त दिवसांनी उघडायचा. आम्ही मिठाईचे पाच खोके घेतले. दिवस लक्षात कसे राहणार, तर आजीनं ते परस्पर ठरवून टाकलं. पहिला खोका रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा बाजाराच्या दिवशी, चौथा एकादशीला, पाचवा संकष्टीला. वाढत्या अंतराचं वेळापत्रक पंचांगात तयारच होतं. ते पाहून मला जरा लाजल्यासारखं झालं.

आणि पद्धत चालली. पृथ्वीवरचा मुक्तिवेग ११.२ किलोमीटर प्रति सेकंद, हे कार्ड तीन वेळा पहिल्या खोक्यात परतलं आणि मग कायमचं पुढे गेलं. आवर्तसारणीतले गण, भिंगाचं सूत्र, भारत-ब्राझील तुलनेतल्या जागा हे सगळं बसलं. आपल्याला काय येत नाही ते तिला पहिल्यांदाच नजरेसमोर दिसलं, कारण ते एका खोक्यात पडलेलं होतं. पाठांतराला नावं ठेवणाऱ्या शहरी लेखांवर माझा त्यामुळे फारसा विश्वास नाही. ज्या पोरीला ३५ मार्कांची रेघ ओलांडायची आहे आणि रेघेच्या अलीकडे कोयता आहे, तिला ‘समजून घेऊन शिक’ एवढंच सांगणं हा घरी शिकवायला माणसं असलेल्यांचा सल्ला आहे. आपल्याकडे परवचा होताच की. दिवेलागणीला पाढे, पावकी, निमकी म्हणणारी पिढी ढोबळ नव्हती. ते पाढे पुढे बाजारात, मापात, व्याजात रोज वापरले जायचे. पाढ्यांच्या पुस्तकाला आपण नाव दिलं तेसुद्धा उजळणी. वापरानं भांडं उजळावं तसं.

गडबड इतिहासाच्या एका कार्डावर कळली. जानेवारीत मी गावी गेलो होतो. कार्ड काढलं : ‘आधुनिक इतिहासलेखनाचे जनक?’ ती क्षणात म्हणाली, “व्हॉल्टेअर.” कार्ड पाचव्या खोक्यातलं, म्हणजे पद्धतीच्या भाषेत पक्कं झालेलं. मी सहज विचारलं, “कोण होता गं हा?” ती माझ्याकडे बघत राहिली. “दादा, ते कार्डात नाय.” मग मी तिला म्हटलं ‘वस्तू’चं कार्ड काढ. तिनं गाईडचं उत्तर एका दमात म्हटलं, ‘म्हणून मला ही कविता खूप आवडते’पर्यंत. मी विचारलं, “खरंच आवडते?” ती म्हणाली, “मी वाचली कुठंय नीट? उत्तर पाठय.”

इथं माझी मूळ तक्रार आहे आणि ती बहिणीवर नाही. दहावीच्या कुमारभारतीतली द. भा. धामणस्करांची ही छोटी कविता आहे. वस्तूंना कदाचित जीव नसेल, मनही नसेल, तरी ते आहे असं समजून त्यांच्याशी वागावं, असं ती सांगते. कविता चांगली आहे. कृतिपत्रिकेतला प्रश्नही वाईट नाही. तो ‘आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण’ असा विचारला जातो. म्हणजे बोर्ड पंधरा वर्षांच्या मुलीला कविता नाकारायची लेखी परवानगी देतं. अख्ख्या कागदावर तिचं स्वतःचं मत मागणाऱ्या ज्या मोजक्या जागा आहेत, त्यातली ही एक. गाईडनं त्यातलं ‘न आवडण्याचे’ गाळलं, कारण नावडीचं एकच उत्तर सगळ्यांसाठी छापता येत नाही. आणि माझ्या पद्धतीनं त्या गाळलेल्या उत्तराला वेळापत्रक दिलं.

कार्ड हा एक साहित्यप्रकार आहे असं मानून बघा. त्याचा नियम असा की प्रत्येक गोष्टीला एक पुढची बाजू असते आणि एकच मागची. मुक्तिवेगाला तो नियम चालतो. व्हॉल्टेअरला अर्धवट चालतो. आवडीला अजिबात चालत नाही, कारण आवड विसरायची वस्तूच नव्हे. आठ दिवसांनी बदलली तर ती चूक ठरत नाही. पण खोक्याला बदलणं आणि चुकणं यातला फरक कळत नाही. तिला एखाद्या बाजाराच्या दिवशी कविता आवडेनाशी झाली असती, तर नियमानं ते कार्ड पहिल्या खोक्यात गेलं असतं.

या शास्त्राचा जन्मच अर्थ बाजूला काढून झालाय. हेरमान एबिंगहाउसनं १८८५ साली स्मरणावरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यासाठी त्यानं स्वतःवरच प्रयोग केले आणि पाठ केली ती मुद्दाम बनवलेली निरर्थक अक्षरं. शब्द घेतले असते तर अर्थ आणि आठवणी मध्ये आल्या असत्या, मोजमाप बिघडलं असतं. विसरण्याचा जो प्रसिद्ध उतार सगळी अ‍ॅप्स दाखवतात, तो अर्थ नसलेल्या अक्षरांचा उतार आहे. याच एबिंगहाउसनं तुलनेसाठी बायरनच्या ‘डॉन हुआन’ची कडवीही पाठ केली. ती साधारण एक दशांश कष्टांत झाली. अर्थ, लय, यमक यांनी नऊ भाग काम आधीच केलेलं होतं. कार्ड करताना आपण उलटं करतो. कवितेतून अर्थ आणि लय काढतो, चार सुटे मुद्दे उरवतो आणि मग ते लक्षात ठेवायला यंत्रणा उभी करतो.

हे मला समजलं ते आजीमुळे, पण तिनं काही समजावून सांगितलं म्हणून नाही. आम्ही खोके घेऊन बसायचो त्याच वेळी ती शेजारी हरिपाठ म्हणायची. रोज, सगळा. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली ते नेवासं आमच्याच जिल्ह्यात, संतचरित्रं लिहिणाऱ्या महिपतींचं ताहाराबादही इथलंच. हरिपाठ इथल्या घरांत शिकवावा लागत नाही, कानावरच पडतो. माझ्यातल्या इंजिनिअरला ती पद्धत अकार्यक्षम वाटली. जे पन्नास वर्षं चुकलेलं नाही ते रोज का म्हणायचं? अ‍ॅन्कीनं आजीचा हरिपाठ केव्हाच काही वर्षांनी दाखवायच्या यादीत टाकला असता.

फरक नेमका तिथंच आहे. खोक्याच्या हिशेबात जे येतं ते लांब जातं. जितकं पक्कं, तितकी भेट उशिरा. आजीच्या हिशेबात जे येतं तेच रोज म्हणायचं. माझ्या पुनरावृत्तीचं काम विसरणं थांबवण्याचं, तिच्या पुनरावृत्तीत विसरण्याचा प्रश्नच मिटलेला, आणि त्यानंतर म्हणणं खऱ्या अर्थानं सुरू झालेलं. कविता शिकवायची तर ती या दुसऱ्या जातीची आहे. तिला मागची बाजू नसते. तीच पुन्हा म्हणायची असते.

त्या रात्री आम्ही मराठीची कार्डं वेगळी काढली. कवींची नावं, वृत्तांची लक्षणं, समासाचे प्रकार खोक्यात राहू दिले. आवडण्याची सगळी कारणं बाहेर काढली. त्याऐवजी रोज निजताना एक कविता पुस्तकातून मोठ्यानं वाचायची, उत्तर द्यायचं नाही, एवढंच ठरवलं. मी भीत होतो. परीक्षेला सहा आठवडे होते आणि पाठ असलेले मार्क मी तिच्याकडून काढून घेत होतो. चुकलो असतो तर त्याची किंमत पुण्यात बसून मी भरणार नव्हतो.

दहा-बारा दिवसांनी आजीच्या फोनवरून तिचा फोन आला. “दादा, ‘वस्तू’ नाय आवडली मला.” मी म्हटलं, का? “आमच्याकडं दिवाळी झाली की समदा संसार ट्रॅक्टरमधी टाकतेत. भांडी चेमटतेत. आई हळू ठेव म्हणती, पण मुकादम ओरडत असतो. हळू ठेवायला टाइम लागतो. कवीला टाइम व्हता.” मग थोडं थांबून म्हणाली, “पण आई हळू ठेव म्हणतीच. दर साली.”

या कवितेचं यापेक्षा चांगलं रसग्रहण मी वाचलेलं नाही. यात नावडही आहे आणि तिच्या पोटात कवितेचा स्वीकारही. हे उत्तर कुठल्याही कार्डावर मावलं नसतं. पण कार्डांनी बाकीचे विषय सांभाळले नसते, तर असं उत्तर सुचायला लागणारा निवांतपणाही तिला मिळाला नसता. दोन्ही खरं आहे.

परीक्षेत ‘वस्तू’ आलीच नाही. ती पास झाली, बोर्डात वगैरे नाही, पास. आता अकरावीला आहे. खोक्यांमध्ये नवी कार्डं भरतीय, पत्रिका आजी गावभर हिंडून जमवते. जुनं कार्ड मी मागितलं तेव्हा तिनं विचारलं, “काय करायचं ते? खोटं उत्तरय त्यात.” मी ते पाकिटात ठेवलंय. डिंक सुटत चाललाय, कडा मळल्यात. हळू हाताळतो.