अनूना : मंच सोडून येणारे स्वर

गाणाऱ्याने कुठे उभे राहावे, हा प्रश्न आपल्या समीक्षेत क्वचितच विचारला जातो. आपण रागाची चर्चा करतो, शब्दांची करतो, गळ्याच्या तयारीची तर करतोच करतो. पण गाणारा आणि ऐकणारा यांच्यात किती हात अंतर आहे, याची नोंद कुणी घेत नाही. आयर्लंडच्या 'अनूना' या गायकवृंदाने या अंतरालाच आपल्या कलेचा कणा केले आहे. कामानिमित्त काही वर्षे डब्लिनमध्ये राहणे झाले, तेव्हा आम्ही या वृंदाच्या मैफली कधी सभागृहात तर कधी चर्चमध्ये ऐकल्या. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आमच्या संग्रही आहेत आणि त्या आम्हास प्रिय आहेत. तरीही अनूना खरी कळते ती मैफलीतच.

मायकेल मॅक्ग्लिन या संगीतकाराने १९८७ साली डब्लिनमध्ये हा वृंद उभा केला. तेव्हा त्याचे नाव 'अन ऊइन्या' असे होते. १९९१ मध्ये ते 'अनूना' झाले. जुन्या आयरिश परंपरेत संगीताचे तीन प्रकार मानले जातात : निजवणारे, हसवणारे आणि रडवणारे. या तिहींना मिळून जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. दग्दा नावाच्या देवाने शत्रूच्या दालनात वीणा वाजवली, तेव्हा आधी स्त्रिया रडल्या, मग तरुण हसले आणि शेवटी सारे सैन्य झोपी गेले, अशी तिथली पुराणकथा आहे. संगीताच्या ताकदीविषयी इतका मोठा दावा नावातच बाळगणाऱ्या वृंदाला मोजायचे तर त्याच मापाने मोजले पाहिजे.

जगाने अनूनाला पाहिले ते ३० एप्रिल १९९४ रोजी. डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरात 'रिव्हरडान्स' सादर झाले. बिल व्हेलनचे संगीत, जीन बटलर आणि मायकेल फ्लॅटलीचा नाच. त्या सुमारे सात मिनिटांची सुरुवात अनूनाच्या गायनाने झाली होती. लोकांच्या लक्षात राहिले ते नाचणाऱ्यांचे पाय. ज्या स्वरांनी त्या पायांसाठी जागा करून दिली, ते विसरले गेले. पुढे १९९६ मध्ये अनूना त्या प्रयोगातून बाहेर पडली. आमच्या मते ते योग्यच झाले. हजारोंच्या गर्दीपुढे ध्वनिवर्धकातून येणारा तो आवाज मोठा होता, पण तो समोरून येणारा होता.

अनूनाच्या मैफलीत आवाज समोरून येतोच असे नाही. दिवे मंद होतात आणि मागून, बहुधा दाराजवळून, एक स्त्रीस्वर उठतो. मग उजवीकडून दुसरा, डावीकडून तिसरा. हातात मेणबत्त्या घेतलेले गायक बाकांमधल्या वाटांनी हळूहळू पुढे येतात. त्यांचे स्वर सरळ असतात, त्यांत मुद्दाम आणलेले कंपन नसते. म्हणूनच एकाचा स्वर कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे लागला, हे उमगत नाही. चर्चच्या दगडी भिंती तो नाद धरून ठेवतात आणि उरलेले काम करतात. गायिका आपल्या बाकाशी येऊन थांबली, तर क्षणभर तिचा एकटीचा गळा ऐकू येतो, तिचा श्वासही ऐकू येतो. ती पुढे गेली की तोच गळा पुन्हा समूहात मिसळतो.

याचा परिणाम मोठा आहे. प्रत्येक बाकावर मैफल वेगळी ऐकू येते आणि कोणताच बाक उत्तम ठरत नाही. पहिल्या रांगेतल्या मानकऱ्याला जे मिळते, तेच शेवटच्या बाकावरच्या गरीब विद्यार्थ्यालाही मिळते. कधी त्यालाच अधिक मिळते. ध्वनिमुद्रिकेत हे येऊ शकत नाही, कारण तिने सर्वांसाठी एकच जागा ठरवून टाकलेली असते. वृंदातील माणसे बदलत राहिली, आज जगप्रसिद्ध असलेला गायक होझियरही २०१२ पर्यंत काही वर्षे त्यात गात होता. तरी मैफलीचा पोत टिकला. याचे श्रेय या पद्धतीलाच द्यावे लागेल.

परंतु आमची एक तक्रारही आहे, आणि ती किरकोळ नाही.

अनूना आयरिशमध्ये गाते, लॅटिनमध्ये गाते, इंग्रजीतही गाते. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमधील सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले. पण शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे ७२ हजारांच्या आतच भरले. म्हणजे डब्लिनच्या श्रोत्यांतही शब्द न कळणारे पुष्कळ असणार. अशा वेळी मेणबत्त्या, झगे आणि अंधुक प्रकाश यांचा एक धोका असतो. ऐकणारा 'काय वातावरण होते!' असे म्हणत घरी जातो आणि शब्द तिथेच राहतात. 'डूलामान' हे गीत समुद्रशेवाळाचे आहे. किनाऱ्यावर शेवाळ गोळा करून पोट भरणाऱ्यांच्या जगातून ते आले आहे. हे ठाऊक नसलेल्याला त्यात कुठल्यातरी गूढ धर्मविधीचा भास होतो. बाजारात 'केल्टिक' या नावाने जे धुके विकले जाते, ते असेच तयार होते.

हे दुःख आपल्याला परके नाही. कव्वालीचे सिनेमात आणि सरकारी महोत्सवांत काय झाले, ते आपण पाहतोच. हिरवी चादर, उदबत्तीचा धूर, टाळ्यांचा ठेका. श्रोता ठेक्याला दाद देतो; मिसरा काय सांगत होता, हे विचारत नाही. डब्लिनच्या त्या बाकांवर आम्ही या श्रोत्याच्या जागी बसलो होतो. म्हणून छापील पत्रिकेवर चार ओळींचा अर्थ मिळावा, ही मागणी आम्हास क्षुल्लक वाटत नाही.

दुसरा प्रश्न आमच्यातलेच काहीजण विचारतील : चर्चमध्ये बसून लॅटिन प्रार्थना ऐकण्यात मुसलमानाला काय मिळते? 'सारे धर्म एकच' असे सोपे उत्तर आम्ही देणार नाही. तसे म्हणणे त्या प्रार्थनेचाही अपमान आहे. 'मीडिया व्हिटा' या मध्ययुगीन प्रार्थनेचा आशय असा, की भर आयुष्यातही आपण मृत्यूच्या वेढ्यात आहोत. ती गाणाऱ्यांची श्रद्धा त्यांची आहे. पण मय्यतीच्या घरात बसलेल्या, मोहर्रमात मरसिया ऐकलेल्या माणसाला शोकाचा स्वर ओळखण्यासाठी परवाना लागत नाही. मेलेल्यासाठी सुरात रडण्याची आयर्लंडमध्ये जुनी रीत होती आणि तिथल्या चर्चने ती दडपण्याचा दीर्घकाळ प्रयत्न केला. तो विलापाचा प्रकार या वृंदाच्या नावात टिकून आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे.

बाह्य सोहळ्याला अर्थ मिळू शकतो, हे अनूनाने सिद्धही केले आहे. जपानच्या नो नाट्यावरून स्फुरलेल्या येट्सच्या नाटकावर पुढे 'ताकाहिमे' हे नो नाटक झाले. २०१७ मध्ये टोकियोत नो कलावंतांबरोबर अनूना त्यात गायली. नो रंगभूमीवर समूहगायन हा कथेचाच भाग असतो. अशा ठिकाणी झगा हा सजावट उरत नाही.

निजवणे, हसवणे आणि रडवणे या तीन कसोट्यांवर आमचा निवाडा असा : निजवण्यात अनूनाला तोड नाही, आणि रडवण्यात ती क्वचित कमी पडते. हसवणारे गाणे मात्र मेणबत्तीच्या उजेडात संकोचते. ते थोडे अधिक उजेडात यायला हवे. शेवाळ गोळा करणाऱ्याचे गाणे ऐकताना त्याच्या ओल्या हातांचा खारट वास आला पाहिजे. गायक आपल्या बाकापर्यंत चालत आलेच आहेत. शब्दानेही तेवढेच अंतर चालून यावे.