कॅमेऱ्यामागचा माणूस आणि मागचे स्पीकर

मंडळी, आत्ता आपण जी अकरा मिनिटांची फीत पाहिली, ती एका घरगुती गणपतीच्या आरतीची. त्या घरातल्या मुलानं रात्री जागून ती ५.१ मध्ये मिसळली आहे. मेहनत दिसते, नाही असं नाही. झांज डावीकडून निघते, पाठीमागून फिरते, उजवीकडून परत येते. शंख वाजला तेव्हा सबवूफरनं तुमच्या खुर्च्या हलवल्या. आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी चक्क वळून मागे पाहिलं! (हशा) माझी तक्रार नेमकी त्या वळून पाहण्याबद्दल आहे.

मिशेल शियाँ नावाचे फ्रेंच समीक्षक आहेत, सिनेमातल्या आवाजावर त्यांचं मोठं काम आहे. बाजूच्या स्पीकरमधून एखादा ठळक आवाज आला की प्रेक्षकाला वाटतं, पडद्याच्या शेजारी कुणीतरी उभं आहे. या परिणामाला त्यांनी नाव दिलं ते नाटकातल्या विंगेवरून. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. विंगेत कुणी खोकलं की अख्खं थिएटर तिकडे बघतं.

मग सिनेमावाले आवाज फिरवतात ते कसं चालतं? १९७९चा 'अपोकॅलिप्स नाऊ' घ्या. कपोलांचा सिनेमा, आवाजाची रचना वॉल्टर मर्च यांची. सुरुवातीला झाडांची रांग दिसते आणि हेलिकॉप्टरचा आवाज सभागृहात गोल फिरतो. पण ते हेलिकॉप्टर सायगावच्या हॉटेलात पडलेल्या एका माणसाच्या डोक्यात आहे. त्याला जागाच नाही, म्हणून त्याला फिरायची मुभा आहे. आरतीतली झांज एका काकांच्या हातात आहे, आणि ते काका दाराजवळ उभे आहेत. ती फिरवली की काकाच नाहीसे होतात. शंखाचंही तेच. सबवूफरसाठी जो वेगळा चॅनल असतो तो साधारण १२० हर्ट्झच्या खालचा. शंखाचा सूर त्याच्या बराच वर असतो. म्हणजे तो गडगडाट त्या खोलीत कधी झालाच नव्हता, तो नंतर भरला.

आता मुद्द्याचं बोलतो. त्या मुलानं मला मूळ, न मिसळलेला आवाज ऐकवला. चौथ्या मिनिटाला कॅमेऱ्याच्या अगदी जवळून आवाज येतो, "अरे, समई सांभाळ." हे त्याचे वडील. त्या घरात वीस वर्षं कॅमेरा त्यांच्याच हातात, म्हणून एकाही फितीत ते दिसत नाहीत. जे काही आहेत ते एवढेच, अशा तुटक वाक्यांत. आणि अंतिम प्रतीत मुलानं ते वाक्य कापलं. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, संवाद मधल्या स्पीकरमध्ये टाकायचा असतो, तिथं टाकला तर वाटतं गणपतीच बोलतोय. (हशा)

हसू नका, त्याचं बरोबर आहे. नियम सिनेमाचा आहे. सिनेमात कॅमेऱ्यामागे कुणी नसतं, निदान तसं सोंग असतं. घरच्या फितीत मात्र कॅमेऱ्यामागे नेहमी एक ओळखीचा माणूस असतो आणि चौकटीतले सगळे त्याच्याकडे बघूनच हसत असतात. मागच्या स्पीकरचा हक्काचा धनी तो. ५.१ च्या मांडणीत मागचे स्पीकर समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांवर असतात, म्हणजे कानांच्या जरासे मागे. आरतीला मावशी, शेजारचे आजोबा, टाळ्या वाजवणारी पोरं नेमकी तिथंच उभी असतात. दुसरा कुठला घरगुती प्रसंग या मांडणीत इतका चपखल बसत असेल असं मला वाटत नाही.

हे साधायला फार काही लागत नाही. २००५च्या सुमाराला काही हँडीकॅम ५.१ मध्ये रेकॉर्ड करायचे. त्यांत मागून बोलणाऱ्याचा आवाज आपोआप मागे जायचा. आता चार दिशांचा आवाज पुढची जोडी, मागची जोडी असा वेगळा घेणारे हातात मावणारे रेकॉर्डर मिळतात. तो कॅमेऱ्यालगतच ठेवा. हौसेनं मूर्तीपाशी नेऊन ठेवलात तर कॅमेऱ्यामागच्या माणसापासून तोही लांब आणि साडेतीन मीटरला दहाएक मिलिसेकंदांचा फरकही पडतो. सुरुवातीला एक टाळी वाजवा, पुढे चित्राशी जुळवताना तीच उपयोगी पडते.

एक सल्ला मात्र इथं मानू नका. मागचा आवाज पंधरा-वीस मिलिसेकंद उशिरा सोडा, असं सांगतात. कारण कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा धरतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला. सिनेमासाठी ठीक आहे, संवाद पुढे राहतो. पण वडिलांचा आवाज थोडासा पुढच्या माइकमध्येही शिरलेला असतो. मागचा उशिरा सोडलात की हा पुढचा आधी पोचतो, आणि वडील पुन्हा गणपतीच्या तोंडी!

कुणी म्हणेल, एवढं करून बघणार कोण? सगळे तर मोबाइलवर बघतात. खरंय. तिथं सहा चॅनलचे दोन होतात. तेव्हा मागचे चॅनल सहसा तीनेक डेसिबल कमी करून पुढच्यांत मिसळले जातात आणि सबवूफरचा चॅनल बहुधा टाकूनच दिला जातो. म्हणजे शंखाचा गडगडाट जातो, "समई सांभाळ" राहतं.

त्या मुलानं परवा दुसरी प्रत पाठवली, कापलेलं वाक्य परत जोडून. मूळ फीत साध्या दोन चॅनलची, त्यामुळे ते वाक्य त्यानं हातानं उचलून मागे ठेवलंय. टाळ्यांचा थोडा कचरा त्याच्याबरोबर मागे गेलाय, तो ऐकू येईल. तर ती लावू या. पंखे दोन मिनिटं बंद करता येतील का?