‘रान’ आणि वावर : महानोरांच्या कवितेसंबंधी एक विचार

ना. धों. महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात निवर्तले. त्यानंतर त्यांच्यावर जे लेखन झाले त्यात ‘रानकवी’ आणि ‘निसर्गकवी’ ही दोन विशेषणे इतक्या वेळा आली की, ती कोणी तपासून वापरली असतील असे वाटत नाही. आमच्या शिक्षकवर्गालाही ही विशेषणे सोयीची वाटतात. कवीचे नाव, जन्मगाव, विशेषण आणि मग ‘प्रस्तुत कवितेतील निसर्गवर्णन आपल्या शब्दांत सांगा’ हा प्रश्न, असा आमचा ठरलेला क्रम आहे. या क्रमाने बालकवी शिकवता येतात. परंतु महानोर त्याच क्रमाने शिकवले म्हणजे त्यांच्या कवितेतला मुख्य ऐवज वर्गाबाहेरच राहतो, असे माझे मत आहे आणि ते येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचे आहे.

प्रारंभ ‘रान’ या शब्दापासूनच करावा लागेल. १९६७ साली ‘रानातल्या कविता’ हा संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा कवीचे वय पंचवीस वर्षांचे होते. पुण्या-मुंबईच्या रसिकाने या शीर्षकातील ‘रान’ म्हणजे अरण्य असा अर्थ घेतला आणि तो अर्थ पुढे रूढ झाला. पण शेतकरी ‘रानात जाऊन येतो’ म्हणतो तेव्हा तो अरण्यात जात नाही, शेतात जातो. रान नांगरतात, रान पाळी घालून तयार करतात, रान भिजवतात. हा शब्द शेत आणि वन या दोन्ही अर्थांनी भाषेत नांदतो, याचे कारण कोरडवाहू मुलखात या दोहोंमधली सीमा कधीच पक्की नव्हती. पिकात मोर येतो, बांधावर साप असतो, ज्वारी निसवली की आकाशातून थवे उतरतात आणि रात्री डुकरे. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पळसखेडला १६ सप्टेंबर १९४२ रोजी जन्मलेल्या, जळगावच्या महाविद्यालयातील शिक्षण पहिल्याच वर्षानंतर सोडून शेतीकडे परतलेल्या या कवीचे रान हे असे दुहेरी आहे. ते त्याचे कामाचे ठिकाण आहे. विहाराला काढलेली ती जागा नव्हे.

हा भेद किती मोठा आहे हे पाहण्यासाठी तापीच्या खोऱ्यातील दोन पूर्वसूरींकडे वळावे. धरणगावचे बालकवी (१८९०–१९१८) आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) हे खरे म्हणजे एकाच परिसरातले आणि एकाच काळातले. बालकवींच्या कवितेत निर्झर आहे, पाखरे आहेत, संध्येचे रंग आहेत. परंतु त्या सृष्टीत कोणी पेरणी करीत नाही. तिथला निसर्ग हा मनाच्या अवस्थांचा आरसा आहे आणि त्या दृष्टीने तो अपूर्व आहे. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ग्रंथरूपाने आली. त्यांच्या सुगरणीच्या खोप्यात कामाचा गौरव आहे, कारण पाहणाऱ्या बाईचे स्वतःचे हातही दिवसभर कामात आहेत. महानोर या दुसऱ्या वाटेवरचे कवी आहेत. शब्दांची नाजूक वळणे मात्र त्यांनी पहिल्या वाटेवरून उचलली, आणि म्हणूनच त्यांची जात ओळखण्यात आमची टीका चुकते, असे मला वाटते.

आता पक्ष्यांचा प्रश्न. महानोरांच्या कवितेत पाखरे फार आहेत, हे सांगण्यास समीक्षक लागत नाही. पण ही पाखरे कोणती आणि शेतकऱ्याचा त्यांच्याशी संबंध काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस भोरड्यांचे थवे दूर वायव्येकडून, मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून, आपल्याकडे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. ज्वारी दाण्यात आली की हे थवे तिच्यावर तुटून पडतात. एक थवा उठतो, गिरकी घेतो, काळागुलाबी रंग उन्हात चमकतो आणि सबंध थवा एखाद्या चादरीसारखा पुन्हा पिकावर पसरतो. पाहणाऱ्याला यापरते देखणे दृश्य नाही. ज्याची ज्वारी आहे त्याला मात्र त्याच क्षणी माळ्यावर चढून गोफण फिरवावी लागते, डबा वाजवावा लागतो, आणि घरातल्या पोराला शाळा बुडवून राखणीला बसवावे लागते. भरीस भर म्हणजे हाच पक्षी टोळ आणि नाकतोडे खाऊन शेताचे रक्षणही करतो. जो लुटतो तोच राखतो. पोपट, होले, चिमण्या यांच्याबाबतही थोड्याफार फरकाने असेच आहे. शेतकऱ्याच्या मनात पाखराविषयी जी भावना असते ती निव्वळ प्रेमाची नसते आणि वैराचीही नसते. खळ्यावर दाणे सांडले तर ‘चिमणीपाखराचा वाटा’ म्हणून सोडून देणारा आणि उभ्या पिकात गोफण मारणारा माणूस एकच असतो.

मग प्रश्न असा येतो की, महानोरांच्या पाखरांत ही गोफण कोठे आहे? सरळ उत्तर द्यावयाचे तर पहिल्या संग्रहात ती जवळजवळ नाही. तेथे थवा येतो तो आनंद घेऊनच येतो. भरलेले कणीस, ओथंबलेले आभाळ, तरुण स्त्रीचे शरीर आणि उतरणारी पाखरे ही सारी एकाच भरतीची रूपे होऊन येतात. पिकाचे पिकणे आणि देहाचे फुलणे यांची अशी एकजीव सांगड मराठी भावकवितेत त्यापूर्वी क्वचितच कोणी घातली असेल. ती पुस्तकातून आलेली नाही. ती जात्यावरच्या ओवीतून आणि बायकांच्या पेरणी-कापणीच्या गाण्यांतून आली आहे. ‘पळसखेडची गाणी’ या नावाने गावची लोकगीते याच कवीने पुढे गोळा केली, आणि ‘वही’ या आपल्या दुसऱ्या संग्रहाला खानदेशातील एका लोकगायनप्रकाराचे नाव दिले, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. तेव्हा गोफण नाही हा दोष खरा असला तरी तो असत्याचा दोष नव्हे. सुगीच्या दोन महिन्यांत शेतकऱ्याच्या घरातही असा आनंद असतो. तो वर्षभराचा आहे असे मानण्याची चूक कवीने केलेली नाही. आम्ही वाचकांनी ती केली.

या चुकीला चित्रपटगीतांनी हातभार लावला हेही सांगितले पाहिजे. १९७७ च्या ‘जैत रे जैत’ची महानोरांची गाणी हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतामुळे घराघरांत पोहोचली. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील हा चित्रपट ठाकरांच्या आणि मधमाश्यांच्या डोंगरातला आहे. तेथले रान हे खरोखरीचे वन आहे. गाणी सुंदर आहेत. पण ते दुसऱ्याचे रान आहे, पळसखेडचे नव्हे. सामान्य श्रोत्याच्या मनात महानोरांची मूर्ती या गाण्यांनी घडवली आणि मग ‘रानातल्या कविता’ही त्याच चष्म्यातून वाचल्या गेल्या. पुढल्या काळातील काही कवितांत नादाची सवय अर्थावर मात करते आणि शब्द गोड होऊन निसटतात, हेही मला नाकारता येत नाही.

अरण्यात राहिलेल्या कलावंताशी त्यांची तुलना करू गेल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. व्यंकटेश माडगूळकर हे लेखक आणि रेखाटनकार. ‘नागझिरा’ हे त्यांचे पुस्तक आणि वानरांच्या टोळीवरील ‘सत्तांतर’ (साहित्य अकादमी पुरस्कार, १९८३) ही मराठीतील प्राणिजीवनाच्या वाङ्मयाची शिखरे आहेत. माडगूळकर जंगलात पाहुणे म्हणून जातात आणि पाहुणेपण लपवीत नाहीत. त्यांची वही आणि पेन्सिल दूर बसून पाहते. वानर आपल्या पिकाचे काय करतो हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही, आणि म्हणूनच वानराचे वानरपण त्यांना निखळ दिसते. हा लाभ मोठा आहे आणि शेतकऱ्याला तो कधीच मिळत नाही. महानोर हे यजमान आहेत. आलेल्याला जेवू घालणे आणि घर राखणे या दोन्ही चिंता त्यांच्या माथ्यावर आहेत.

एक तिसरे उदाहरण खुद्द महानोरांनीच दिले आहे. त्यांच्या ‘अजिंठा’ (१९८४) या दीर्घ कवितेचा नायक रॉबर्ट गिल हा अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेला इंग्रज लष्करी अधिकारी. वाघांच्या मुलखात तो वर्षानुवर्षे राहिला, चित्रे काढली, शिकारी केल्या, पारोवर प्रेम केले. त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. या कथेतील प्रेमाकडेच सर्वांचे लक्ष जाते. मला त्यात दुसरेही काही दिसते. शेजारच्या गावच्या शेतकरी कवीला, त्याच डोंगरात ब्रश आणि बंदूक घेऊन राहिलेल्या परक्या कलावंताविषयी कुतूहल वाटले. ज्याला हे रान सोडून जाता येत होते, तरी जो राहिला, त्याच्याविषयी ते कुतूहल आहे. राहण्याचा प्रश्न हा महानोरांच्या एकूण लेखनाचा कणा आहे.

आणि राहावयाचे तर पाणी पाहिजे. महानोरांचे ‘शेतीसाठी पाणी’ हे पुस्तक वाङ्मयाच्या इतिहासात कोणी धरीत नाही. १९७८ मध्ये साहित्यिक म्हणून विधान परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली. तेथील त्यांच्या कार्याकडेही समीक्षक कवीचा एक जोडधंदा म्हणून पाहतात. मला हे विभाजन मान्य नाही. बांध घातला, पाणी अडवले, विहीर तगली, तरच झाड उभे राहते. झाड राहिले तर पाखरू येते, आणि पाखरू आले तरच त्या कवितेला विषय मिळतो. पाण्यावरचे गद्य हे त्या कवितेखालचे जोते आहे.

हे सारे मी ज्या गावात बसून लिहीत आहे तेथे ज्वारीचे ताट औषधालाही नाही. सुरतेचे पांडेसरा हे कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यांचे गाव. उधना–जळगाव लोहमार्गाने खानदेशातली कुटुंबे येथे येत राहिली. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी, वर्गात प्रमाण मराठी अशा तीन-चार भाषांत ही मुले वाढतात. ज्या तापीच्या वरच्या अंगाला बालकवी, बहिणाबाई आणि महानोर झाले तिच्याच मुखाशी हे शहर आहे. यांतल्या अनेकांच्या आजोबांनी गोफण फिरवली आहे आणि वडिलांनी पाण्यावाचून वावर सोडले आहे. अशा वर्गापुढे शेताच्या आनंदाची कविता ठेवताना शिक्षकाच्या मनात एक रास्त शंका उभी राहते. हा आनंद, ज्याच्या विहिरीला पाणी राहिले त्याचा आहे. ज्याची विहीर आटली त्याच्या मुलाने त्याचे काय करावे?

या शंकेवर ‘कला सर्वांची असते’ असे म्हणून पांघरूण घालता येत नाही. परंतु मुलांना ‘निसर्गवर्णन’ न विचारता ‘या पाखरांनी कोणाचे काय खाल्ले असेल?’ असे विचारले तर वर्गाचा रंग बदलतो, असा माझा वारंवारचा अनुभव आहे. राखण, माळा, गोफण, बुजगावणे हे शब्द पुस्तकात नसले तरी मुलांच्या घरी असतात. आजीला विचारून आलेली मुले असे काही सांगतात की शिक्षकाने ऐकत राहावे. ‘रान म्हणजे वावरच ना?’ हे एखादा मुलगा सहज विचारतो, आणि शीर्षकाचा जो अर्थ मोठ्या रसिकांच्या हातून निसटला तो त्या मुलाला आपोआप गवसलेला असतो.

२००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘पानझड’ या संग्रहाला मिळाला. ज्या कवीचे पहिले पुस्तक भरतीचे होते त्याने या पुस्तकाला गळत्या पानांचे नाव द्यावे, हे पुरेसे बोलके आहे. ‘रानातल्या कविता’ आणि ‘पानझड’ यांच्यामध्ये पळसखेडच्या शेतातील सुमारे तीस वर्षांचा काळ आहे. हे दोन संग्रह शेजारी शेजारी ठेवून, एकाच वावराची दोन वर्षे म्हणून वाचण्याचा प्रयत्न आमच्या अभ्यासमंडळांनी अद्याप केलेला माझ्या पाहण्यात नाही. महाविद्यालयीन नेमणुकीत सहसा पहिलाच संग्रह असतो, आणि तोही निवडक.