पाणी वाढवत न्यायचं

सरळ वस्तऱ्याला धार लावणं फार अवघड, असा सार्वत्रिक समज आहे. एका बाबतीत तरी ते सुरीपेक्षा सोपं आहे. सुरी दगडावर किती तिरकी धरायची हे हातालाच ठरवावं लागतं, आणि हात डगमगला की धार गोल होते. वस्तरा आपला कोन स्वतःच्या अंगावर बाळगतो. पातं दगडावर निजवलं की पाठ आणि धार एकदमच टेकतात. रुंदी १६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर असेल, तर धारेचा कोन १६ अंशांच्या आसपास भरतो, मग घासणारा कुणीही असो. धारेबरोबर पाठही झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं घासूनही हे प्रमाण फारसं ढळत नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने वस्तरे जाड, जड घडणीचे. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी पुढे पात्याच्या दोन्ही बाजू चाकांवर इतक्या पोकळ घासल्या की नखानं टिचकी मारली तर पातं किणकिणतं. दगडाला लागते ती धारेलगतची मिलिमीटरभराहूनही अरुंद पट्टी.

मग शिकायचं काय उरतं? हाताचा भार काढून घ्यायला. ते मात्र लवकर जमत नाही.

ते शिकायला माझ्या मते बेल्जियमच्या कोटिक्यूलसारखा गुरू नाही. आर्देनच्या डोंगराळ भागात व्हिएल्साल्मच्या परिसरात हा फिकट पिवळा दगड सापडतो. तिथल्या साल्मशातो गावात त्याचं संग्रहालयही आहे. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरतळावरच्या गाळाचा हा खडक. त्याचे थर इतके पातळ की निळसर दगडाचा किंवा पाटीच्या दगडाचा आधार चिकटवूनच तो बहुधा विकला जातो. त्याची सगळी करामत आहे पोटातल्या गार्नेटच्या कणांत. हे कण काही मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान. पण पोलादावर चालतील इतके कठीण आणि आकारानं बहुपैलू, जवळजवळ गोल. त्यामुळे ते खोल ओरखडे काढत नाहीत, उथळ चर पाडत जातात.

धार लावायची पद्धत अशी. दगडावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि त्याच जातीच्या दगडाचा लहान तुकडा त्यावर चंदन उगाळावं तसा उगाळायचा. दुधाळ गंध तयार होतं. सुटे झालेले गार्नेट या गंधात लोळतात आणि पोलाद भराभर काढतात. पाणी लगेच करडं होतं. पण इथेच गंमत आहे. हेच सुटे कण समोरून येणाऱ्या धारेच्या टोकावर आपटत असतात. म्हणजे जे गंध पट्टी घासून बारीक करतं, तेच टोकाला एका मर्यादेपलीकडे बारीक होऊ देत नाही. दाट गंधावर तासभर घासलात तरी धार त्या पायरीवरच अडून बसते.

उपाय फक्त पाणी. काही फेऱ्या झाल्या की बोट बुडवून एखादा थेंब सोडायचा, पुन्हा फेऱ्या, पुन्हा थेंब. गंध पातळ होत जातं, घासण्याचा वेग उतरतो आणि धार चढते. शेवटी दगडावर निव्वळ पाणी राहतं. परदेशी शौकीन याला ‘डिल्युकॉट’ म्हणतात. चार नंबरांचे चार दगड मांडून बसण्याऐवजी एकाच दगडाला पाण्यानं खरखरीत आणि मऊ करायचं, ही कल्पनाच मला देखणी वाटते. घाई करणारा एकदम वाटीभर पाणी ओततो आणि मधल्या सगळ्या पायऱ्या गमावतो.

काम नीट चाललंय की नाही, हे पाणीच सांगतं. धार पुढे ठेवून पातं सरकवलं की तिच्यापुढे पाण्याची बारीक लाट चालते. पट्टी दगडाला नीट टेकलेली असेल, तर ती लाट धारेवरून पात्याच्या अंगावर चढते. मुठीकडच्या टाचेजवळ चढते आणि पात्याच्या टोकाशी चढत नाही, याचा अर्थ टोक दगडाला लागतच नाही. पुष्कळ दगड पात्याच्या लांबीहून अरुंद असतात, म्हणून फेरी सरळ नसते. टाचेकडून सुरुवात करून हात तिरका ओढत टोकाशी संपवायची. कानही लागतो. दाट गंधात आवाज भरीव, ओलसर. पाणी निवळत गेलं की नुसती पुसट सरसर. हाताला मात्र उलटा अनुभव येतो. शेवटी शेवटी पातं दगडाला चिकटल्यासारखं वाटू लागतं, कारण दोन सपाट पृष्ठभागांत आता पाण्याचा पातळ पापुद्राच तेवढा उरलेला असतो. अशा वेळी बोट जड करण्याचा मोह होतो. तो आवरायचा.

आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत आरसा, कात्री, नराणी यांच्या शेजारी धार लावायचा निसणाही असे. सलूनमध्ये आता ब्लेडचा अर्धा तुकडा बसवायचा वस्तरा आला. गिऱ्हाइकागणिक नवं पातं, हे आरोग्याच्या दृष्टीनं योग्यच झालं. त्याबद्दल गळे काढण्यात अर्थ नाही.

कृत्रिम दगडांचे भोक्ते म्हणतात, बारा हजार नंबरच्या दगडाची धार कोटिक्यूलपेक्षा तीक्ष्ण. असेल. नुसत्या तीक्ष्णतेच्या शर्यतीत कोटिक्यूल बहुधा हरेल. पण गालाला फक्त तीक्ष्णता कळत नाही. नाकाखाली आणि हनुवटीच्या वळणावर कोटिक्यूलची धार केस सोडवते आणि कातडीला सांभाळून घेते. दाढीनंतर तुरटी फिरवली तरी चुरचुर कमी होते. हा पक्षपात असेल तर असू द्या.

दगडानंतर चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्टाच कापला जाईल. आणि एवढं करूनही वस्तऱ्यानं हनुवटीवर केस ओढले, तर नुसत्या पाण्यावर आणखी शंभर फेऱ्या मारू नयेत. दोष बहुतेक वेळा शेवटात नसतो. दाट गंधावर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या टाचेपासून टोकापर्यंत एकमेकींना भिडलेल्याच नसतात. पुन्हा तुकडा घ्यावा, गंध उगाळावं, आणि पातं मनगटावरचे केस टाचेशी आणि टोकाशी सारखेच उडवेपर्यंत पाण्याच्या वाटीला हात लावू नये.