केरीचा मराठी कोश व वैद्यनाथ पंडित

इ. स. १८१० चा श्रीरामपूर येथें छापलेला मराठी-इंग्रजी कोश एकट्या डॉ. विल्यम केरीची कृति, अशी समजूत रूढ आहे. ती संग्राहकांच्या याद्यांत शिरून कायम होऊं पाहते. म्हणून तिची चिकित्सा करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

केरी मूळचा धर्मोपदेशक व शिक्षक. इंग्लंडांतील पॉलर्सपरी गांवीं १७६१ त त्याचा जन्म झाला. चांभारकीवर निर्वाह करीत तो मोल्टन व पुढें लेस्टर येथील बॅप्टिस्ट मंडळ्यांचा पाळक झाला. १७९३ त बंगाल्यांत आला व १८०० त श्रीरामपुरास स्थायिक झाला. १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत कंपनीच्या तरुण अंमलदारांस तो प्रथम बंगाली व संस्कृत आणि पुढें मराठीही शिकवूं लागला. १८१८ त मार्शमन व वॉर्ड यांच्यासह त्यानें श्रीरामपूर कॉलेज स्थापिलें. एतद्देशीय धर्मोपदेशक तयार करणें हा त्याचा एक हेतु. तथापि अन्यधर्मीयांसही तें खुलें होतें. १८२७ त डेन्मार्कच्या राजानें त्यास पदव्या देण्याची सनद दिली. १८३४ त केरी वारला.

हा वृत्तांत येथें ग्रंथपरीक्षणापुरताच दिला आहे. १८०५ चें मराठी व्याकरण व हा कोश हीं दोन्ही अध्यापनाच्या गरजेंतून निघालीं, आणि त्याच मापानें तीं मोजलीं पाहिजेत. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाशीं ताडून केरीचा कोश तोकडा म्हणणें सोपें. पण पहिली वाट पाडणाराचे श्रम त्यानें मोजले जात नाहींत.

व्याकरणांत मराठी मजकूर देवनागरींत आहे, कोशांत मराठी शब्द मोडींत आहेत. दफ्तरें वाचूं पाहणाऱ्या अंमलदारांस मोडीच उपयोगाची होती. मात्र मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळीत नाहींत. तेव्हां शुद्धलेखनाचा पुरावा म्हणून हा कोश पुढें करणें धोक्याचें होय. त्याचें खरें मोल तत्कालीन शब्दसंग्रहांत व मोडीच्या ओतीव खिळ्यांच्या नमुन्यांत आहे.

आतां कर्तृत्वाचा मुद्दा. ज्याचें सारें उत्तरायुष्य बंगाल्यांत गेलें, त्याला मराठी शब्द मिळाले ते पंडितांकडून. कॉलेजांतील मुख्य मराठी पंडित वैद्यनाथ याचें साहाय्य केरीनें प्रस्तावनेंत स्वतःच मान्य केलें आहे. मुखपृष्ठावर मात्र एकट्या केरीचें नांव आहे, आणि मागाहून याद्या करणारांनीं मुखपृष्ठापलीकडे पाहिलें नाहीं. केरीची योजना, चिकाटी व छापखाना यांवांचून कोश निघता ना, हें निर्विवाद; पण वैद्यनाथावांचून त्यांत शब्द कोठून येते?

यास्तव ज्यांच्या संग्रहीं या कोशाची प्रत असेल, त्यांनीं यादींत केरीच्या नांवाखालीं वैद्यनाथ पंडिताचें नांव सहायक म्हणून अवश्य नोंदवावें. केरीची योग्यता त्यानें तिळभर उणी होत नाहीं. एका मराठी पंडिताचें ऋण मात्र कागदावर येतें.